विल्यम फोर्ड यांची जमीन : कॉर्कच्या एका कुळाच्या स्थलांतराचा प्रकरण अभ्यास

मोटारनिर्माता हेन्री फोर्ड याच्या चरित्रांमध्ये त्याचे वडील विल्यम फोर्ड यांच्या वाट्याला सहसा एकच भूमिका येते. मुलाने शेती करावी असा हट्ट धरणारा आणि यंत्राचे वेड न समजणारा जुन्या वळणाचा शेतकरी, अशी ती भूमिका आहे. प्रस्तुत अभ्यासात विल्यम यांना मुलाच्या गोष्टीतून बाहेर काढून स्वतंत्रपणे पाहिले आहे. आयर्लंडमधून आलेल्या एका कुळाच्या, म्हणजे खंडाने जमीन कसणाऱ्या शेतकऱ्याच्या, मुलाने मिशिगनमध्ये जमीन कशी मिळवली, कोणाच्या आधाराने मिळवली आणि ती पुढच्या पिढीला देताना काय घडले, हा येथील प्रश्न आहे. या क्रमाने कागद वाचत गेल्यास त्यांच्या हट्टामागचे कारण समजते, आणि मुलाने रंगवलेले चित्र बरेच अपुरे आहे, असे माझे मत आहे.

क्रोहेन ते डिअरबॉर्न

विल्यम यांचा जन्म १८२६ साली आयर्लंडच्या कॉर्क परगण्यात, क्लोनाकिल्टी या गावाजवळच्या बॅलिनास्कार्थी परिसरातील क्रोहेन येथे झाला. वडील जॉन फोर्ड आणि आई थोमासिना. कुटुंब प्रोटेस्टंट होते, पण त्यामुळे ते जमीनदार वर्गातले ठरत नव्हते. दुसऱ्याच्या मालकीची जमीन खंडाने कसणारी ही कुळेच होती. त्या काळच्या आयर्लंडच्या दक्षिण भागात कुळाच्या हक्कांना कायद्याचे संरक्षण जवळजवळ नव्हते. कुळाने स्वतःच्या मेहनतीने घर बांधले, बांध घातले, पाणथळ जमीन निचरा करून लागवडीखाली आणली, तरी जमीन सोडावी लागली की हे सारे जमीनदाराचे होई. शिवाय जमीन सुधारली म्हणून खंड वाढण्याची भीती होती ती वेगळीच. अशा व्यवस्थेत कष्टाळू कुटुंबालाही उद्याची खात्री नसते. विल्यम यांच्या पुढील आयुष्याचा विचार करताना ही गोष्ट सतत ध्यानात ठेवावी लागते.

या परिसरातून बाहेर पडण्याची सुरुवात दुष्काळाने झाली, असे सरसकट म्हटले जाते. फोर्ड घराण्याच्या बाबतीत ते पूर्ण खरे नाही. जॉन यांचे भाऊ सॅम्युएल आणि जॉर्ज १८३२ सालीच, म्हणजे बटाट्यावर करपा येण्याच्या तेरा वर्षे आधी, अमेरिकेत गेले आणि डेट्रॉईटच्या पश्चिमेला डिअरबॉर्न भागात स्थिरावले. एरी कालवा १८२५ साली खुला झाला होता, त्यामुळे न्यूयॉर्कहून मोठ्या सरोवरांपर्यंत जलमार्गाने जाता येत होते, आणि सरकारी जमीन एकरी सव्वा डॉलर दराने विकत मिळत होती. खंडाने जमीन कसणाऱ्या माणसाला हा आकडा काय वाटला असेल, याची कल्पना करणे अवघड नाही.

जॉन मात्र मागे राहिले. १८४५ साली बटाट्याचे पीक करप्याने सडले, १८४६ साली ते जवळजवळ सर्वत्र गेले, आणि १८४७ हे वर्ष आयर्लंडच्या स्मृतीत काळे वर्ष म्हणून राहिले. पश्चिम कॉर्क हा सर्वाधिक होरपळलेल्या भागांपैकी एक होता; क्लोनाकिल्टीहून एका दिवसाच्या वाटेवर असलेल्या स्किबरीनचे नाव आणि तिथली चित्रे तेव्हा लंडनच्या वृत्तपत्रांत झळकत होती. दुष्काळात सुमारे दहा लाख माणसे मेली आणि त्याहून अधिक देश सोडून गेली. धान्याच्या टंचाईइतकीच जमीन हातातून जाण्याची टांगती तलवार कुळांवर होती. १८४७ च्या कायद्यातील एका कलमानुसार पाव एकराहून अधिक जमीन धारण करणाऱ्याला सरकारी मदत मिळत नसे. मदत हवी असेल तर आधी जमीन सोडा, असा त्याचा व्यवहारातला अर्थ होता.

त्याच वर्षी जॉन फोर्ड यांनी पत्नी, वृद्ध आई रिबेका आणि मुलाबाळांसह आयर्लंड सोडले. थोरला मुलगा विल्यम तेव्हा वीस वर्षांचा होता आणि सुतारकाम शिकलेला होता. क्वेबेककडे जाणाऱ्या जहाजांवर त्या वर्षी टायफसने थैमान घातले होते. सेंट लॉरेन्स नदीतील ग्रॉस आइल या विलगीकरण बेटावर एकट्या १८४७ मध्ये पाच हजारांहून अधिक लोकांचे दफन झाले. थोमासिना या प्रवासातच वारल्या. आईविना, म्हाताऱ्या आजीसह, हे कुटुंब डिअरबॉर्नला काकांच्या दारात पोहोचले.

येथे एक गोष्ट आवर्जून नोंदवायला हवी. दुष्काळात निघालेल्या असंख्य कुटुंबांना बोस्टन किंवा न्यूयॉर्कच्या वस्त्यांत मजुरी करत पिढ्या काढाव्या लागल्या. फोर्ड कुटुंब थेट शेतीत उतरू शकले ते पंधरा वर्षे आधी गेलेल्या भावांमुळे. बाकीचे सारे त्या आधाराच्या पायावर उभे आहे.

८० एकर आणि ३५० डॉलर

जानेवारी १८४८ मध्ये, म्हणजे येऊन वर्षही झाले नव्हते तोच, जॉन फोर्ड यांनी हेन्री मेबरी यांच्याकडून ८० एकर जमीन ३५० डॉलरला घेतली. हिशेब केल्यास एकरी दर ४ डॉलर ३७ सेंटच्या आसपास येतो. सॅम्युएल आणि जॉर्ज आले तेव्हाच्या सरकारी दराने हीच जमीन १०० डॉलरला पडली असती. उशिरा येण्याची किंमत अशी रोखीत मोजावी लागली, आणि त्यासाठी कर्ज झाले.

ते कर्ज फेडण्यात विल्यम यांच्या सुतारकामाचा मोठा वाटा होता. मिशिगन सेंट्रल रेल्वे तेव्हा राज्याच्या पूर्व टोकाकडून पश्चिमेला सरोवराच्या दिशेने मार्ग टाकत होती, आणि विल्यम यांनी तेथे सुतार म्हणून काम केले. शेत वडिलांचे, रान तोडून लागवड करण्याचे काम घरातल्या साऱ्यांचे, आणि हातात रोख पैसा आणणारे काम थोरल्या मुलाचे, अशी ही विभागणी होती. म्हणजे विल्यम स्वतःही शेताबाहेर, रेल्वेवर, हत्याराच्या कौशल्यावर कमावलेले होते. पुढे त्यांच्या मुलाने शहरात जाऊन नेमके हेच केले. फरक इतकाच की विल्यम यांच्या लेखी बाहेरची कमाई जमिनीत परत येण्यासाठी होती.

मेबरी हे नावही लक्षात ठेवण्याजोगे आहे. हे घराणेही फोर्डांच्या आयरिश परिचयाच्या वर्तुळातले होते. १८४८ ची जमीन मेबरींकडून आली. १८६१ साली विल्यम यांचे लग्न डेट्रॉईटमध्ये थॉमस मेबरी यांच्या घरी लागले. आणि थॉमस यांचा मुलगा विल्यम कॉटर मेबरी, जो पुढे १८९७ पासून १९०४ पर्यंत डेट्रॉईटचा महापौर होता, त्याने हेन्रीच्या सुरुवातीच्या मोटारप्रयोगांना आणि १८९९ च्या पहिल्या कंपनीला पाठबळ दिले. हेन्री फोर्ड म्हणजे एकट्याच्या बळावर वर आलेला माणूस, ही समजूत अमेरिकेत फार रुजलेली आहे. पण जमिनीपासून भांडवलापर्यंत अर्धशतकभर एकच ओळखीचे जाळे या कुटुंबाला हात देत होते, हे कागदांवरून स्पष्ट दिसते.

ओ'हर्न यांचे घर

१८५८ साली विल्यम यांनी वडिलांच्या शेताचा अर्धा भाग विकत घेतला. थोरल्या मुलानेही जमीन वडिलांकडून मोल देऊन घ्यायची, ही पद्धत आपल्याकडच्या वाचकाला खटकेल, पण त्या समाजात ती रीतसर होती. त्यामुळे म्हाताऱ्या बापाच्या हाती पैसा येई आणि इतर भावंडांचा हिस्साही सांभाळता येई.

याच काळात ते पॅट्रिक ओ'हर्न आणि मार्गारेट ओ'हर्न या दांपत्याकडे कामाला जात. पॅट्रिक हे कॉर्क शहरातल्या फेअर लेन या रस्त्यावरचे. त्यांना मूल नव्हते. बेल्जियन वंशाच्या एका सुताराची पोरकी मुलगी मेरी लिटोगॉट हिला त्यांनी लहानपणीच सांभाळायला घेतले होते. विल्यम आणि मेरी यांचा विवाह २५ एप्रिल १८६१ रोजी झाला. विल्यम चौतीस वर्षांचे होते, मेरी त्यांच्याहून बारा-तेरा वर्षांनी लहान. हे जोडपे ओ'हर्न यांच्याबरोबरच, त्याच शेतावर बांधलेल्या पांढऱ्या लाकडी घरात राहू लागले. १८६० च्या दशकातच ओ'हर्न दांपत्याने आपली सुमारे ९१ एकर जमीन विल्यम यांच्या नावे केली, आणि अखेरपर्यंत आपण याच घरात राहू अशी अट घातली. म्हातारपणी सांभाळणारे माणूस आणि जमीन कसणारा हात यांचा हा व्यवहार होता, आणि दोन्ही बाजूंनी तो पाळला गेला.

पहिले मूल जगले नाही. ३० जुलै १८६३ रोजी हेन्रीचा जन्म झाला. त्याआधीच्या डिसेंबरात मेरी यांचा भाऊ जॉन लिटोगॉट अमेरिकी यादवी युद्धातील फ्रेडरिक्सबर्गच्या लढाईत उत्तरेच्या बाजूने लढताना मारला गेला होता. हेन्रीनंतर जॉन, मार्गारेट, जेन, विल्यम आणि रॉबर्ट ही भावंडे झाली. गहू, गवत, मेंढ्या, गाई, फळबाग आणि डेट्रॉईटच्या बाजारात विकायचे जळाऊ लाकूड, असा शेतीचा पसारा होता. विल्यम यांनी शाळेच्या मंडळावर, चर्चच्या व्यवस्थेत आणि गावपातळीवरचे न्यायाधीश म्हणूनही काम पाहिले. कॉर्कमध्ये ज्या कुळाच्या मुलाला जमीनदाराच्या कारभाऱ्यापुढे टोपी काढून उभे राहावे लागले असते, तो येथे शेजाऱ्यांचे तंटे सोडवत होता. जमिनीच्या मालकीने त्यांना काय दिले, हे या एका बदलावरून कळते.

मार्च १८७६ मध्ये बाळंतपणानंतर मेरी यांचा मृत्यू झाला. मूलही वाचले नाही. हेन्री बारा वर्षांचा होता. आईनंतरचे घर म्हणजे मुख्य स्प्रिंग निघून गेलेले घड्याळ, असे त्याने पुढे म्हटले. विल्यम यांनी पुन्हा लग्न केले नाही. सुरुवातीला नात्यातल्या स्त्रियांनी घर चालवले आणि मग तो भार मार्गारेटवर आला.

दोन साक्षी

त्याच उन्हाळ्यात, बापलेक बैलगाडीसारख्या साध्या घोडागाडीतून डेट्रॉईटला निघाले असताना, शहरापासून सुमारे आठ मैलांवर त्यांना रस्त्याने स्वतःच्या बळावर चालणारे वाफेचे इंजिन दिसले. इंजिनाकडून मागच्या चाकांना साखळी जोडलेली, वर बॉयलर, मागे पाण्याची टाकी आणि कोळशाची गाडी, आणि बॉयलरमागच्या फळीवर उभा राहून कोळसा टाकणारा एकच माणूस, असे ते यंत्र होते. घोडागाडीला वाट देण्यासाठी ते थांबले. वडिलांना कळायच्या आत आपण खाली उडी मारून चालकाशी बोलू लागलो होतो, असे हेन्रीने १९२२ सालच्या आत्मचरित्रात लिहिले आहे. त्याच्या आयुष्यातला हा निर्णायक प्रसंग मानला जातो. मला त्यात लगाम हातात धरून थांबलेला बापही दिसतो. बाजाराला निघालेल्या शेतकऱ्याने मुलाचे प्रश्न संपेपर्यंत गाडी उभी ठेवली, हेही त्या प्रसंगात घडले आहे.

आत्मचरित्रातले वडील तरीही यंत्राच्या विरोधात आहेत. मुलगा यंत्रकामगार झाला तर वाया गेला, असेच त्यांना वाटत होते, असा त्याचा सूर आहे. डिसेंबर १८७९ मध्ये हेन्री डेट्रॉईटला गेला. फ्लॉवर बंधूंच्या कारखान्यात आठवड्याला अडीच डॉलर मिळत आणि राहण्याजेवणाचे साडेतीन डॉलर होत, म्हणून तो रात्री घड्याळे दुरुस्त करून पन्नास सेंट मिळवी. हा सारा प्रवास वडिलांचा विरोध मोडून झाला, असे वाचकाच्या मनावर ठसते.

दुसरी साक्ष बहीण मार्गारेटची आहे. तिच्या आठवणी मिशिगनच्या इतिहासविषयक नियतकालिकात १९५३ साली प्रसिद्ध झाल्या. बापलेकांमध्ये वैर होते हे तिला मान्य नाही. वडिलांचे हत्यारांचे घर मुलासाठी खुले होते, त्याच्या हाताचे त्यांना कौतुक होते, रात्री चोरून बाहेर पडून शेजाऱ्यांची घड्याळे दुरुस्त करण्याच्या कथेत तथ्य नाही, असे तिचे म्हणणे आहे. पत्नीच्या मृत्यूनंतर काही महिन्यांतच विल्यम फिलाडेल्फियाला भरलेले शताब्दी प्रदर्शन पाहायला गेले होते. तेथील सर्वांत मोठे आकर्षण म्हणजे संपूर्ण यंत्रदालन चालवणारे कॉर्लिस वाफेचे इंजिन. यंत्राचा तिटकारा असलेला शेतकरी इतक्या लांब जाऊन प्रदर्शन पाहत नाही.

दोन साक्षींत मार्गारेटची मला अधिक भरवशाची वाटते. ती घरात राहून वडिलांबरोबर कितीतरी वर्षे काढलेली मुलगी आहे, आणि तिला कोणतीही कथा जुळवायची नाही. हेन्रीने आत्मचरित्र लिहिले तेव्हा तो जगभर प्रसिद्ध होता, आणि विरोधाशिवाय यशाची कथा रंगत नाही. तरीही हेन्री खोटे बोलत होता असे मी म्हणणार नाही. मतभेद खरे होते. त्यांचा विषय मात्र यंत्र नसून जमीन होता.

लाकडाचे रान

हे सर्वांत स्पष्ट दिसते ते हेन्री १८८२ मध्ये परत आल्यानंतर. त्याने शेजाऱ्याचे वेस्टिंगहाऊसचे फिरते वाफेचे इंजिन दिवसाला तीन डॉलर घेऊन चालवले, आणि वडिलांनी त्याला अडवले नाही. पुढे विल्यम यांनी मॉयर यांच्याकडून घेतलेले जंगलाचे रान त्याला देऊ केले. अट एकच होती, यंत्रकामगाराचा व्यवसाय सोडायचा. हेन्रीने तात्पुरते मान्य केले, कारण ते लाकूड तोडून विकले तर क्लारा ब्रायंटशी लग्न करता येणार होते, असे तो स्वतःच सांगतो. ११ एप्रिल १८८८ रोजी लग्न झाले. त्याने रानात वाफेवर चालणारी लाकूड कापण्याची गिरणी बसवली, आणि तिथल्याच लाकडाचे ३१ फूट लांब, ३१ फूट रुंद असे चौकोनी घर बांधले.

विल्यम यांनी रान दिले ते शेत करण्यासाठी. झाडे तोडायची, बुंधे काढायचे, नांगर घालायचा, ही डिअरबॉर्नच्या प्रत्येक आयरिश कुटुंबाने पार केलेली वाट होती. जॉन यांनी तसेच केले, ओ'हर्न यांनी तसेच केले. हेन्रीसाठी रान म्हणजे लाकडाचा साठा होता. लाकूड संपले तेव्हा रानाचे कामही संपले. १८९१ साली एडिसन इल्युमिनेटिंग कंपनीने दरमहा ४५ डॉलरवर नोकरी देऊ केली आणि तो क्लाराला घेऊन डेट्रॉईटला गेला. शेतातून एवढे उत्पन्न निघत नव्हते आणि लाकूड तोडून झाले होते, ही त्याने दिलेली कारणे आहेत, आणि ती प्रामाणिक आहेत.

बापाच्या बाजूने पाहिले तर त्याचा अर्थ वेगळा होतो. वीस वर्षांच्या वयापर्यंत ज्याने पायाखालची जमीन दुसऱ्याची पाहिली, आईला वाटेत गमावले, रेल्वेवर सुतारकाम करून पहिल्या ८० एकरांचे कर्ज फेडले, त्याच्या दृष्टीने पगाराची नोकरी म्हणजे पुन्हा दुसऱ्याच्या मर्जीवर जगणे होते. कारखान्यातून माणसाला दोन ओळींच्या चिठ्ठीने काढून टाकता येते. स्वतःच्या नावावर असलेल्या शेतातून तसे काढता येत नाही. हेन्रीला जमिनीच्या असुरक्षिततेचा अनुभव कधीच आला नाही, कारण वडिलांनी तो येऊ दिला नाही. एकाच घरातल्या दोन पिढ्या इतक्या भिन्न हिशेबाने का वागल्या, याचे याहून चांगले स्पष्टीकरण मला सापडत नाही.

४ जून १८९६ रोजी पहाटे हेन्रीची पहिली गाडी डेट्रॉईटच्या बॅग्ली ॲव्हेन्यूवरील शेडमधून बाहेर पडली. मार्गारेटच्या आठवणीनुसार तो क्लारा आणि लहानगा मुलगा एडसेल यांना घेऊन ती शेतावर आला, तेव्हा विल्यम यांनी गाडी सगळ्या बाजूंनी पाहिली आणि बसायला मात्र नकार दिला; क्षणभराच्या गमतीसाठी जीव धोक्यात का घालायचा, असे त्यांचे म्हणणे होते. सत्तरीला आलेल्या माणसाचा तो साधा सावधपणा होता. १९०३ साली फोर्ड मोटर कंपनी स्थापन झाली ती त्यांनी पाहिली. ८ मार्च १९०५ रोजी त्यांचे निधन झाले. शेतकऱ्यांच्या दारात मोटार नेणारी मॉडेल टी बाजारात यायला अजून तीन वर्षे होती.

वडिलांनंतर

हेन्री फोर्ड यांनी पुढे जे जतन केले त्यात आई अधिक आहे आणि वडील कमी. १९१९ साली रस्ता रुंद होताना जन्मघर पाडण्याची वेळ आली, तेव्हा त्यांनी ते बाजूला सरकवून घेतले आणि १८७६ साली, म्हणजे आईच्या हयातीत, जसे होते तसे पुन्हा मांडले. आसपासची जमीन उकरून जुन्या बश्यांचे तुकडे शोधले आणि त्यांच्यावरून तशाच नक्षीची भांडी करवून घेतली. ‘स्टारलाइट’ नावाच्या त्या काळच्या शेगडीसाठी दीर्घ शोध घेतला. १९४४ साली हे घर डिअरबॉर्नच्या ग्रीनफील्ड व्हिलेज या संग्रहालयात हलवले गेले. त्यांनी स्वतःच्या प्रासादाला फेअर लेन हे नाव दिले, ते पॅट्रिक ओ'हर्न यांच्या कॉर्कमधल्या रस्त्यावरून. वडिलांकडून मात्र त्यांनी जे घेतले ते व्यवहारात दिसते. शेतकऱ्याच्या अंगावरचे कष्ट उतरवून ते पोलाद आणि मोटारीवर टाकावेत, ही आपली सर्वांत टिकून राहिलेली इच्छा आहे, असे ते म्हणत. ती इच्छा विल्यम यांच्या शेतावर जन्मलेली होती.

१९१२ साली हेन्री फोर्ड कॉर्कला गेले आणि १९१७ साली त्यांनी तेथे नदीकाठच्या मरीना भागात कारखाना काढला. जुलै १९१९ मध्ये तेथून पहिला फोर्डसन ट्रॅक्टर बाहेर पडला. १९२९ पासून काही वर्षे कंपनीचे सारे ट्रॅक्टर कॉर्कमध्येच तयार होत होते. १९३२ नंतर हे काम इंग्लंडमधल्या डॅगनमला गेले, आणि कारखाना १९८४ साली बंद झाला. दरम्यान आयर्लंडच्या शेतीची घडीही बदलली होती. १८७९ साली सुरू झालेल्या कुळांच्या लढ्यानंतर एकामागून एक कायदे झाले, आणि १९०३ च्या विंडहॅम कायद्याने सरकारी कर्ज घेऊन कुळांना जमीनदारांकडून जमिनी विकत घेण्याचा मार्ग मोठ्या प्रमाणावर खुला झाला. जॉन फोर्ड यांनी १८४८ साली मिशिगनमध्ये ३५० डॉलर देऊन जे मिळवले, ते मागे राहिलेल्या कुळांना मिळण्यास त्यानंतर अर्धशतकाहून अधिक काळ लागला. कॉर्कचे ट्रॅक्टर तयार होऊ लागले तोपर्यंत आयर्लंडमधली बहुतेक शेते कसणाऱ्यांच्या मालकीची झाली होती किंवा होण्याच्या मार्गावर होती.